तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मुलांना मी काय शिकवते

रत्नागिरीला गेले की हा प्रश्न ठरलेला. चहा पुढ्यात येतो, ओटावाच्या थंडीची चौकशी होते आणि मग मावशी विचारतेच, "काय गं, त्या एस्किमो पोरांना तू शिकवतेस तरी काय?" फोनवर भाऊ विचारतो, इथल्या मराठी मैत्रिणी विचारतात. आजवर मी "व्हिडिओ एडिटिंग" एवढं सांगून विषय संपवत आले. ते खोटं नाही, पण त्यात काहीच सांगितल्यासारखं होत नाही. तुम्हीही विचारलंत, तर आज नीट सांगते.

आधी शब्दाचं. एस्किमो हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. कॅनडात ते आता कोणी वापरत नाही, कारण ज्यांना ते लावलं त्यांना ते टोचतं. ते स्वतःला इनुइट म्हणवतात, म्हणजे 'माणसं'. एकाला म्हणायचं इनुक. भाषा इनुक्टिटूट. त्यांचा नुनावुत हा प्रदेश 1 एप्रिल 1999 ला वेगळा झाला. महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट जागा, गावं 25, आणि सगळी मिळून माणसं चाळीस हजारांच्या आसपास. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. दवाखाना, शिक्षण, नोकरी यासाठी लोक विमानाने दक्षिणेला येतात आणि त्यातले बरेच ओटावात राहून जातात. त्यांची मुलं दर शनिवारी दुपारी एका खोलीत जमतात, तिथे मी जाते. सहा-सात जण, सतरा ते बावीस वयाचे. दोन जुने लॅपटॉप, एक माइक, बाकी सगळं फोनवर.

यातली दोघं उत्तरेत वाढलेली, घरात इनुक्टिटूट बोलणारी. बाकीच्यांना दहा-बारा शब्द येतात, आणि तेवढेच येतात याची त्यांना लाज वाटते. वाटायला नको खरं तर. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीला घरापासून तोडून सरकारी निवासी शाळांत नेलं, तिथे आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा व्हायची. त्या शाळांतून परतलेल्या कितीतरी आईबापांनी पुढे मुलांशी ती भाषा बोलणंच टाळलं. नातवंडांनी आता त्याचा भार का वाहावा? पण वाहतात.

सुरुवातीला मी त्यांना 1922 चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' दाखवला. रॉबर्ट फ्लाहर्टीचा मूकपट, उत्तर क्विबेकच्या इनुकजुआक गावाजवळ चित्रित केलेला. त्यात नानूक ग्रामोफोनची तबकडी दाताने चावून बघतो, जणू असलं यंत्र त्याने कधी पाहिलंच नाही. तो माणूस नानूक नव्हता, त्याचं नाव अल्लाकारिआल्लाक, आणि त्याला ग्रामोफोन चांगला माहीत होता. लोक तेव्हा बंदुकीने शिकार करत होते, पण सिनेमासाठी भाले घ्यायला लावले. उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधलं. मला वाटलं मुलं चिडतील. एक मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. मी बोलता बोलता सांगितलं की फ्लाहर्टीचा कॅमेरा सांभाळायला आणि फिल्म धुवायला इनुइटच मदतीला होते. तेव्हा तो मान वर करून म्हणाला, "म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही आम्ही क्रूमध्ये होतो."

हे मला सुचलं नसतं. मी तो सिनेमा इतकी वर्षं एक फसवणूक म्हणून बघत आले होते आणि या पोराने त्यात आपले लोक शोधले.

नंतर आम्ही नुनावुतमधल्या इग्लूलिक गावाबद्दल बोललो. या गावाने 1975 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये मतदान घेऊन टीव्ही नाकारला होता, कारण त्यावर त्यांच्या भाषेत काहीच नव्हतं. त्याच गावच्या झाकारियास कुनुकने 1981 मध्ये दगडातलं आपलं कोरीवकाम मॉन्ट्रियलला विकून त्या पैशांत व्हिडिओ कॅमेरा घेतला. 1990 मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी 'इसुमा' ही संस्था काढली. इसुमा म्हणजे विचार. 2001 मध्ये त्यांनी संपूर्ण इनुक्टिटूटमधला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट केला आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात, दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला देतात तो 'कॅमेरा द'ऑर' पुरस्कार त्याला मिळाला. मला यातला पुरस्कार तितका महत्त्वाचा वाटत नाही. ज्या गावाने परका टीव्ही दोनदा दाराबाहेर ठेवला, त्याच गावाने कॅमेरा मात्र हातात घेतला, हे वाटतं.

आता नावांबद्दल, कारण पुढची गोष्ट नावाची आहे. 1940 च्या दशकात सरकारने इनुइट माणसांना नंबर दिले. साहेबांना नावं लिहिता येत नव्हती, नोंदी जुळत नव्हत्या, म्हणून नाण्याएवढी एक चकती गळ्यात बांधायची आणि तिच्यावर नंबर. हे 1970 च्या आसपासपर्यंत चाललं, मग प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. इकडे सरकारी अभिलेखागारात उत्तरेतले हजारो फोटो पडून होते. खाली कोणाचं नाव नाही, 'एस्किमो बाई', 'स्थानिक मुलगा' असलं काहीतरी. 2002 च्या सुमारास ओटावातल्या नुनावुत सिवुनिक्सावुत या इनुइट तरुणांच्या संस्थेतले विद्यार्थी हे फोटो लॅपटॉपवर घेऊन आपापल्या गावी गेले. म्हाताऱ्या माणसांपुढे स्क्रीन ठेवली आणि विचारलं, ही कोण? म्हाताऱ्यांनी नावं सांगितली. नुसती नावं नव्हे, कोणाची कोण, कुठे राहायची, शिवणात हात कसा होता, सगळं.

इनुइटांमध्ये नाव म्हणजे हाक मारण्यापुरती गोष्ट नसते. माणूस गेलं की त्याचं नाव नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर त्याचं नातंही येतं. पणजीचं नाव मिळालेल्या मुलीला तिची आजी 'आनाना' म्हणते, म्हणजे आई. आपल्याकडे सासऱ्यांचं नाव नातवाला ठेवलं की सून त्याला नावाने हाक मारत नाही, 'आबा' म्हणते, बाळाला अहोजाहो करते. माझ्या आईने माझ्या भावाला कधी नावाने हाक मारली नाही. मी हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या मुली माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागल्या. तोवर मी फक्त सॉफ्टवेअर येणारी बाई होते.

त्यातल्याच एकीने उन्हाळ्यात गावी जाऊन आजीचं चित्रीकरण करून आणलं. आजी जमिनीवर बसून सीलचं कातडं साफ करतेय. हातात उलू. विळीचं पातं पाटावरून काढून त्याला वरून मूठ बसवावी, तसं ते अर्धगोल हत्यार, बायकांचंच. मुलगी फोन धरून प्रश्न विचारतेय, अडखळत, अर्धं इनुक्टिटूट अर्धं इंग्रजी. चाळीस मिनिटांचं चित्रण होतं. मी म्हटलं, मी जरा छाटून देते, मग तू बघ.

मी टीव्हीसाठी पंधरा वर्षं एडिटिंग केलंय. टाइमलाइनवर आवाजाची रेघ सपाट झाली की हात आपोआप कट मारतो. तशी सपाट रेघ एके ठिकाणी नऊ सेकंद होती. मुलीने काहीतरी विचारलं होतं, आजीने उत्तर दिलं नव्हतं. मी प्रश्नासकट तो तुकडा काढून टाकला.

शनिवारी तिने बघितलं. मागे घेतलं, पुन्हा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "इथे ती बोलली होती. तुम्ही ते कापलंत."

मूळ चित्रण काढलं. तिने विचारलं होतं, "मी तिच्यासारखी आहे का?" तिच्यासारखी म्हणजे आजीच्या आईसारखी, जिचं नाव हिला मिळालंय. उलू थांबतो. आजी नातीकडे बघते. बघतच राहते. मग दोन्ही भुवया किंचित वर जातात, आणि उलू पुन्हा चालू होतो.

भुवया वर म्हणजे हो. नाही म्हणायचं असेल तर नाक आक्रसतात. उत्तरेत लहान मूलसुद्धा असंच बोलतं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या मुलीने आयुष्यात विचारलेला बहुधा सगळ्यात मोठा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही मी कचऱ्यात टाकली होती. रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून खोलीत एक नियम आहे. एकट्याने कोणी कापायचं नाही. ज्याने चित्रण केलं तो शेजारी बसणार, आणि ज्याचं चित्रण आहे त्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. आजीला फोनवर पाठवलं. तिने एक वाक्य काढायला सांगितलं, आम्ही काढलं. का, ते विचारलं नाही.

सगळ्यांची कामं मात्र अशी नसतात. क्रूचं बोललेला तो मुलगा ओटावातच जन्मला, उत्तरेकडचा प्रदेश त्याने पाहिलेला नाही. "आमचं सगळं बर्फातच असलं पाहिजे का?" असं तो सतत विचारतो, आणि मला ते पटतं. त्याने मावशीच्या फ्लॅटमधले आवाज गोळा केले. उत्तरेहून विमानाने आलेलं खोकं फाडल्याचा आवाज, तो पुठ्ठा जमिनीवर पसरल्याचा, कॅरिबू हरणाच्या गोठलेल्या मांसावर उलू घासल्याचा, आणि खिडकीबाहेर बसचे दरवाजे. चार मिनिटं, चित्र काहीच नाही. मला ते फार आवडतं.

आणि एक मजेची गोष्ट. शीर्षकाच्या पाट्या करताना त्यांची लिपी जवळून बघितली. 'प'साठी एक टोकदार आकार: टोक वर केलं की पि, उजवीकडे वळवलं की पु, डावीकडे वळवलं की प. आपलं अक्षर जागेवर राहतं आणि काना-वेलांटी बदलते, इथे अक्षरच वळतं. 1840 च्या सुमारास जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री भाषेसाठी ही पद्धत बसवली, पुढे ती इनुक्टिटूटसाठी घेतली गेली. तिच्यामागे लघुलिपीबरोबर देवनागरीचाही हात आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. मी फळ्यावर बाराखडी काढून दाखवली तर दुपार त्यातच गेली.

मार्चमध्ये सगळ्यांची कामं एकत्र दाखवली. लहानसा हॉल, मागे जमिनीवर पुठ्ठे पसरून खाणं मांडलेलं. माझी एक मराठी मैत्रीण आली होती, माझ्या शेजारी बसली होती. ती सपाट नऊ सेकंदं आली. हॉलमध्ये कोणी हललं नाही. मैत्रिणीने वाकून विचारलं, "आवाज गेला का गं?"

मी नाक आक्रसलं. तिला काही कळलं नाही. मग मी तिला पुढची रांग दाखवली. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई पडद्यावरच्या आजीकडे बघत होत्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.