बॉब मोल्ड प्रोजेक्ट: मोकळ्या तारा एकदाच्या ऐकू आल्या

मंडळी, सापडलं! मागच्या अपडेटमध्ये रडगाणं गायलो होतो ना, की डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा डबा) सुरू केलं की बी आणि ईच्या मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारा गायब होतात आणि खाली नुसता चिखल उरतो, ते कोडं काल रात्री सुटलं आणि दोष भलतीकडेच निघाला. आज सकाळपासून गिटार हातातून खाली ठेवलेली नाहीये.

नवीन लोकांसाठी पटकन सांगतो. अमेरिकन पंक गिटारिस्ट बॉब मोल्डची सगळी कारकीर्द काळानुसार वाजवत जायची असा हा प्रोजेक्ट. १९७९ ला मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये त्याचा हुस्कर डू हा बँड सुरू झाला तिथून आजच्या सोलो रेकॉर्डपर्यंत. 'लँड स्पीड रेकॉर्ड'चा टप्पा झालाय (साडेसव्वीस मिनिटांत १७ गाणी, मनगटाची पार वाट लागते, पण टोनचं फार काही नाही, सगळा वेगाचा मामला), आणि मी 'झेन आर्केड' या अल्बमवर येऊन अडकलो होतो.

अडकलो कारण इथून पुढे मोल्ड हा खरा मोल्ड होतो. रामोन्सचा पहिला रेकॉर्ड ऐकून गिटार उचललेला पोरगा, त्यामुळे सुरुवातीला पॉवर कॉर्ड (दोनच सुरांची कॉर्ड) आणि डाउनस्ट्रोक (वरून खाली मारलेले फटके) हेच भांडवल. पण बँडमध्ये माणसं तीन. ग्रँट हार्ट ड्रमवर, ग्रेग नॉर्टन बासवर, दुसरा गिटारिस्ट नाहीच. मग ती रिकामी जागा भरायची कशाने, तर मोकळ्या तारांनी. पाचव्या तारेवर २, ४, ७ या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर) पॉवर कॉर्ड सरकवत न्यायची आणि वरच्या बी आणि ई तशाच मोकळ्या वाजत ठेवायच्या. खाली कॉर्ड बदलत राहते, वर तेच दोन सूर तंबोऱ्यासारखे धरून असतात. २ वर सस फोर होतो, ४ वर सी शार्प मायनर सेव्हन, ७ वर निव्वळ ई. एवढ्या साध्या हाताने एवढा मोठा आवाज, मला तर हे त्या काळच्या अख्ख्या अमेरिकन हार्डकोअरमधलं (म्हणजे वेगवान, कडक पंकमधलं) सगळ्यात हुशार काम वाटतं आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आता अडचण अशी की डिस्टॉर्शनमध्ये चार वेगवेगळे सूर घातले की ते एकमेकांत मिसळून बेरजेचे-वजाबाकीचे नको ते सूर तयार करतात. म्हणूनच तर पंकवाले पॉवर कॉर्डवर थांबतात, रूट (मूळ सूर) आणि फिफ्थ (त्याचा पंचम) एवढंच ठेवलं की गोंधळ होत नाही. मोल्ड थांबत नाही, तरी त्याचं सगळं ऐकू येतं. आणि त्याच्याकडे तेव्हा काय होतं, तर इबानेझ रॉकेट रोल, म्हणजे फ्लाइंग व्हीची कॉपी, आणि एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस हे पेडल. पिवळा डबा, दोन नॉब. मेटल गिटारिस्ट रँडी ऱ्होड्सपण तोच डबा वापरायचा आणि दोघांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक, यातच सगळं आलं.

तर मी त्या डब्याचा क्लोन (घरगुती नक्कल) व्हेरोबोर्ड या भोकांच्या बोर्डवर बांधलाय हे तुम्हाला माहितीये. सर्किट अगदी छोटं, एक ७४१ ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप), दोन जर्मेनियम डायोड (वाढलेल्या सिग्नलची शिखरं छाटणारे), मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. पेडल चालू होतं पण कॉर्ड वाजवली की एकतर अगदी मिळमिळीत नाहीतर एकदम सगळं फाटलेलं. मधलं काही नाहीच. डिस्टॉर्शनचा नॉब तीन-चतुर्थांश फिरवला तरी काही होत नाही आणि शेवटच्या केसभर जागेत एकदम भडका उडतो.

पहिला संशय डायोडवर. ऑनलाइन मागवले होते, पाकिटावर ठसठशीत १एन३४ए (जर्मेनियम डायोडचा नंबर) लिहिलेलं. मल्टिमीटरवर ०.२५ व्होल्टच्या आसपास दाखवत होते म्हणून मी निर्धास्त होतो. मग एका मित्राने सांगितलं भिंग घेऊन काचेच्या आत बघ. खऱ्या पॉइंट काँटॅक्ट जर्मेनियममध्ये आत केसासारखी बारीक, इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली तार दिसते, तिचं टोक स्फटिकाच्या तुकड्याला हलकेच टेकलेलं असतं. माझ्या डायोडमध्ये तसलं काहीच नाही, दोन जाड खुंट आणि मध्ये चिप. म्हणजे शॉटकी, वेगळ्याच जातीचा डायोड! मीटरवर जवळपास तोच आकडा दाखवतात म्हणून जर्मेनियमच्या नावाखाली सर्रास खपवतात. दुकानदाराला फोटो पाठवला, उत्तर नाही. तेव्हा माझा सल्ला, जर्मेनियम ऑनलाइन घेऊच नका, हातात घेऊन, उजेडात धरून आतली तार बघून घ्या. मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलो, तिथे एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी डब्यातून ओए७९ हे जर्मेनियम डायोड काढून दिले. पूर्वी ट्रान्झिस्टर रेडिओच्या डिटेक्टरला असायचे तेच. काका म्हणाले, "आता हे कोण विचारतंय, घेऊन जा." पैसे देताना हात मागेच घेत होते.

ओए७९ लावल्यावर आवाजाची धार जरा गोल झाली, सूर विरताना आता पटकन तुटत नाही, हळूहळू विझतो. ते ऐकून इतकं बरं वाटलं की तासभर एकच कॉर्ड वाजवत बसलो. पण मोकळ्या तारा? नाहीच.

मग ऑपॲम्प. ७४१ काढून टीएल०७१ हा दुसरा ऑपॲम्प लावला. इथे एक मजेशीर गोष्ट कळली. ७४१ ची गेन-बँडविड्थ (सिग्नल किती पट वाढतो, म्हणजे गेन, गुणिले किती उंच सुरापर्यंत) साधारण १ मेगाहर्ट्झ, आणि या सर्किटचं पूर्ण गेन २१३ पट आहे, म्हणजे नॉब पूर्ण उघडला की ७४१ ला ५ किलोहर्ट्झच्या अलीकडेच दम लागतो. वरची किरकिर तो आपोआप खातो. टीएल०७१ ला तेवढा दम लागत नाही त्यामुळे सगळी किरकिर जशीच्या तशी बाहेर, कान किटले. ७४१ परत सॉकेटमध्ये. ऑपॲम्प महाग घेतला की आवाज चांगला येतो हे निदान या डब्यासाठी साफ चूक आहे.

आणि मग काल रात्री पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर. आवाजात भडका फक्त शेवटी उडतो हे डोक्यातून जात नव्हतं, म्हणून पॉट बोर्डवरून काढून मीटरला लावला. सर्किटला ५०० के (किलोओहम) रिव्हर्स लॉग हवा, म्हणजे नॉब फिरवताना रेझिस्टन्स आधी झपाट्याने आणि शेवटी हळूहळू उतरणारा. मध्यावर ठेवला तर गेनच्या बाजूला ५० के च्या आसपास दिसायला पाहिजे. दिसलं २५० के! म्हणजे वर सी५०० के (सी म्हणजे रिव्हर्स लॉग) छापलेला आणि आतून सरळ लिनिअर, एकसारखा उतरणारा. हाही त्याच दुकानाचा.

आता याचा आवाजाशी संबंध बघा, कारण खरी गंमत इथेच आहे. गेन ठरवणाऱ्या फांदीत हा पॉट, ४.७ के चा एक रेझिस्टर आणि ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर एका ओळीत बसतात. पॉटचा रेझिस्टन्स कमी केला की गेन वाढतं, पण त्याचबरोबर बास कापायची जागाही वर सरकते. पूर्ण उघडल्यावर ती ७२० हर्ट्झवर जाते, म्हणजे गिटारचा बराचसा खालचा भाग डायोडपर्यंत जोरात पोचतच नाही. लिनिअर पॉट मध्यावर असताना गेन जेमतेम ५ पट आणि बास अजिबात कापलेला नाही, तीन-चतुर्थांशावर ९ पट, आणि पुढच्या एवढ्याशा तुकड्यात थेट २१३. मला हवी असलेली जागा त्या तुकड्यात कुठेतरी दडलेली होती आणि बोटाने तिथे थांबणं अशक्य.

म्हणून पॉट बाजूला ठेवून सरळ १० के चा फिक्स रेझिस्टर लावला. आणि आहाहा! पाचव्या तारेवर ४ पकडून वाजवलं आणि वर बी आणि ई अशा लख्ख वाजल्या की मी दोनदा केबल तपासली. नंतर कागदावर मांडून बघितलं, या किमतीला सगळ्यात खालच्या मोकळ्या ईला, म्हणजे ८२ हर्ट्झला, गेन साधारण २३ पट मिळतं आणि मोकळ्या बीला, २४७ हर्ट्झला, ५० पट. वरच्या ईला आणखी जरा जास्त. म्हणजे डायोडपर्यंत पोचायच्या आधीच सर्किट मोकळ्या तारांना पुढे काढतंय आणि खालच्या जाड सुरांना मागे ढकलतंय, त्यामुळे खालचा चिखल होतच नाही. मोल्डने कपॅसिटरची गणितं केली असतील असं मी म्हणत नाही. पण कानाने त्याने हाच डबा आणि हेच कॉर्ड शेप एकत्र आणले आणि ते एकमेकांसाठीच बनल्यासारखे बसले.

'झेन आर्केड'चा आवाज पातळ आहे ही जुनी तक्रार, सगळं खापर 'स्पॉट' नावाच्या प्रोड्यूसरवर फोडतात. कॅलिफोर्नियात रेडोंडो बीचला टोटल ॲक्सेस स्टुडिओमध्ये साधारण ८५ तासांत रेकॉर्डिंग-मिक्सिंगसकट डबल अल्बम, खर्च ३,२०० डॉलर, जवळपास सगळे पहिलेच टेक. घाई आहेच त्यात. पण आता मला वाटतं तो पातळपणा बराचसा गिटारमध्येच आहे आणि तो हवाच आहे, खाली नॉर्टनच्या बासला जागा त्यामुळेच मिळते. एकट्याने खोलीत वाजवताना टोन किरटा वाटतो, मीही बास वाढवत बसायचो, पण बास ट्रॅक लावून त्यावर वाजवला की बरोबर बसतो. करून बघा.

तात्पुरता उपाय म्हणून ५०० के चा ए टाइप, म्हणजे साधा लॉग पॉट, उलटा जोडलाय. नॉब उलटीकडे फिरवला की गेन वाढतं, पण फिरवायला जागा भरपूर मिळते. अस्सल सी टाइप इकडच्या दुकानांत मिळतच नाही, सगळे "बी (म्हणजे लिनिअर) घ्या ना, तेच आहे" म्हणतात. तेच नाहीये!

पुढे खरं तर 'फ्लिप युअर विग' घ्यायचा होता, १९८५ चा, बँडने स्वतः प्रोड्यूस केलेला आणि माझ्या मते मोल्डच्या गिटारचा सगळ्यात सुंदर रेकॉर्ड. मग वॉर्नर कंपनीसाठी केलेले दोन अल्बम, मग १९८८ ला बँड फुटतो. मग त्याचा पुढचा बँड शुगर, त्यांचा 'कॉपर ब्लू', १९९२, एनएमई या ब्रिटिश संगीतपत्रिकेचा त्या वर्षीचा अल्बम ऑफ द इयर, तोवर हातात लेस सेन्सर पिकअपवाली फेंडर स्ट्रॅट प्लस गिटार आलेली. पण हे टाइप करता करता वाटायला लागलंय की मध्येच 'वर्कबुक' आधी घ्यावा. १९८९ चा पहिला सोलो. बँड संपल्यावर मिनेसोटात पाइन सिटीजवळ फार्मवर राहून लिहिलेला, सुरुवातच अकूस्टिक इन्स्ट्रुमेंटलने, पुढे चेलोसुद्धा आहे. तिथे डिस्टॉर्शनचं पांघरूण नाही, त्या मोकळ्या तारा तो नक्की कुठे दाबतो आणि कुठे सोडतो हे स्वच्छ ऐकू येतं. ते आधी हातात बसलं तर 'फ्लिप युअर विग' आणि 'कॉपर ब्लू' दोन्ही सोपे जातील. हो, ठरलं, 'वर्कबुक' आधी. अकूस्टिकला नवीन तारा आजच चढवतो.

मधला रेसलिंगचा काळ (१९९९ च्या सुमारास हा माणूस खरोखर डब्ल्यूसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीच्या क्रिएटिव्ह टीममध्ये होता) आणि 'मॉड्युलेट' अल्बममधलं इलेक्ट्रॉनिक संगीत मी सोडून देणार आहे, त्याबद्दल आदर आहे पण या डब्याचं तिथे काम नाही. २०१२ च्या 'सिल्व्हर एज'पासून मात्र परत जोरात, जेसन नार्ड्युसी बासवर, जॉन वर्स्टर ड्रमवर, पुन्हा तिघंच. 'ब्लू हार्ट्स' आणि २०२५ चा 'हिअर वी गो क्रेझी' ऐकताना त्या वरच्या दोन तारा लक्ष देऊन ऐका, साठीच्या आसपासच्या माणसाचा हात आहे हे सांगावं लागतं.

आणि अजून एक, हे आत्ताच सुचलं. पॉट ठेवायचाच कशाला? रोटरी स्विच लावतो. चार जागा, चार फिक्स रेझिस्टर, एकेक जागा एकेका रेकॉर्डसाठी कानाने जुळवलेली. 'झेन आर्केड'साठी १० के पक्का, बाकीचे ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या बोर्डवर) ट्रिमर, म्हणजे छोटा पॉट, लावून शोधतो. फक्त स्विच शॉर्टिंग टाइप पाहिजे, म्हणजे एका जागेवरून दुसरीवर जाताना मध्ये सर्किट उघडं पडणार नाही, नाहीतर प्रत्येक वेळी स्पीकरमध्ये ठप्प आवाज येणार. मला आत्तापर्यंत सगळीकडे नॉन-शॉर्टिंगच दाखवलेत. पुण्यात किंवा लॅमिंग्टन रोडला कुणी एक पोल चार वेचा शॉर्टिंग रोटरी घेतला असेल तर दुकान नक्की कुठल्या गल्लीत ते सांगा, शनिवारी मुंबईत आहे.