आमची वाटचाल : राजाच्या घोड्याशी शर्यत नको

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात एक लेथ आणि एक जुनी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), एवढ्यावर आमचं युनिट सुरू झालं. काम गाड्यांच्या पार्टचं टर्निंग, म्हणजे लेथवर फिरवून धातू मापात कापणं. लॉट मोठे असायचे, पण दरवर्षी रेट कमी करून मागायचे. रांगेने सीएनसी लावून बसलेल्यांना तो परवडायचा, आम्हाला नाही.

त्याच काळात प्राचीन चिनी सेनानी सुन त्झूची 'युद्धकला' वाचली. व्यवस्थापनाच्या शिबिरांत तिच्यातलं 'शत्रूला चकवा' तेवढंच सांगतात. आमच्याकडे ते कसं चालणार? ज्याला चकवायचं, त्याच्याचकडून उद्या बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) मागून आणायचं असतं. मला पटलं ते दुसरं प्रकरण. त्यात सगळा खर्चाचा हिशेब आहे. एक लाखाचं सैन्य बाहेर काढलं की रोजचं हजार मोहरांचं सोनं जातं, आणि लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही. नव्वद दिवसांचं क्रेडिट म्हणजे दुसरं काय? मटेरियल, पगार, वीजबिल आपण भरायचं आणि बँकेच्या ओव्हरड्राफ्टचं व्याजही आपणच. २००६च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यात पेमेंटला ४५ दिवसांची मर्यादा आहे खरी, पण तक्रार करून पुढची ऑर्डर कोण घालवणार!

वाट सापडली ती सुन बिनच्या गोष्टीत. हा सुन त्झूचा वंशज मानला जातो. त्याचा हरवलेला ग्रंथ १९७२ साली चीनच्या शानतुंग प्रांतातल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर सापडला. गोष्ट मात्र सीमा छ्येन या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात आहे. छी या जुन्या चिनी राज्याचा सेनापती थ्येन ची आपल्या राजाशी घोड्यांच्या शर्यती लावायचा. सुन बिनने सांगितलं, तुमचा कमजोर घोडा राजाच्या उत्तम घोड्यासमोर सोडा, उत्तम मधल्यासमोर आणि मधला कमजोरासमोर. तीनपैकी एक शर्यत गेली, दोन जिंकल्या.

आमचा उत्तम घोडा सीएनसी नव्हतीच. तो होता आमचा जुना टर्नर. तुटलेला शाफ्ट हातात घेतला की ड्रॉइंगशिवाय माप काढणारा. एका नगासाठी सेटिंग बदलणं मोठ्या शॉपला परवडत नाही, म्हणून आम्ही ब्रेकडाउनची कामं धरली. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना पंप बंद पडला, तर तिथे कोणी रेटवर घासाघीस करत बसत नाही. शाफ्ट रात्रीत हवा असतो. ॲडव्हान्सही मिळतो. गाड्यांच्या पार्टची एक छोटी ऑर्डर ठेवली आहे, गाळ्याच्या भाड्यापुरती. ती आमची हरायची शर्यत.

'युद्धकले'चं तेरावं, शेवटचं प्रकरण हेरांचं. आमच्याकडे ते खातं इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची पाती) विकायला येणाऱ्या सेल्समनकडे. कुठलं मशीन विकायला निघालंय, कुणाचं पेमेंट अडकलंय, त्याला सगळं ठाऊक असतं. अर्थात तो आमच्याही बातम्या पुढच्या गाळ्यात पोचवतो. म्हणून त्याला चहा सांगायच्या आधी टेबलावरची ड्रॉइंग आत ठेवतो.