लाईट आली, पण कुठली?

आज दिवसभर पलूसच्या शिवारात एकच विचारणा, "लाईट आली का?" इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड, वजनाला हलकं, फिकट रंगसुद्धा. आपल्याकडं दिवा, वीज, बिल सगळं लाईटच. पण घरात बल्ब पेटला म्हणजे मळ्यातली मोटार चालेल असं नाही. बल्बला एक फेज, म्हणजे वीज आणणारी एक जिवंत तार, २३० व्होल्ट पुरे. थ्री फेज मोटारीला तिन्ही फेज आणि दर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट लागतात. एक फेज गेला तर बंद मोटार नुसती घुमते, उचलत नाही. चालू असलेली ओढत राहते, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, जळतं. स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, बसवाच. आणि फोनवर विचारताना स्पष्ट विचारा, "तिन्ही फेज आहेत न्हवं?"