सुटल्यावरची दुसरी माघी

नेपाळगंजला पोचले त्या दुपारी टांग्यातून जाताना एका सरकारी इमारतीवरची पाटी वाचली: 'जिल्ला शिक्षा कार्यालय'. मानवाधिकारांच्या तपासासाठी आलेल्या मराठी बाईचं याहून चांगलं स्वागत काय होणार! शिक्षा द्यायचं अख्खं कार्यालय. मग कळलं की नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. लिपी आपलीच, तेव्हा सगळं कळतंय असं वाटणं हा तिथला माझा पहिला भ्रम. तो त्याच दिवशी गेला. दुसरा जायला काही महिने लागले, आणि तो महागात पडता पडता राहिला.

साल २००७. माओवाद्यांनी १३ फेब्रुवारी १९९६ ला सुरू केलेलं युद्ध २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने संपलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय त्याआधीच, २००५ च्या करारानुसार, नेपाळात आलं होतं. मी सोलापुरात सात वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केलेली. अर्ज केला, फोनवर मुलाखत झाली, आणि वर्षभराच्या बोलीवर मला नेपाळगंजला धाडलं. काम शेजारच्या बर्दिया जिल्ह्यातलं. विषय, बेपत्ता माणसं.

बेपत्ता हा शब्दही दोन्ही भाषांत एकच. पण मराठीत माणूस बेपत्ता 'होतो', पोराने शाळेला दांडी मारावी तसा. तिथले लोक म्हणायचे 'बेपत्ता पारिएको', म्हणजे बेपत्ता केला गेलेला. कुणीतरी केलं, हे त्या क्रियापदातच येतं. इतकी वर्षं मराठीत फिर्यादी लिहिल्या, पण आपल्या क्रियापदाने आरोपीला किती अलगद बाहेर ठेवलंय हे तिथे जाईपर्यंत जाणवलं नव्हतं.

पहिले तीन आठवडे मी फक्त ऐकायला आणि गप्प बसायला शिकले. वकिलीने लावलेली सवय मोडणं अवघड गेलं. उलटतपासणीत साक्षीदाराला घाई करायची असते, इथे अजिबात करायची नसते. गाडी कुणाच्या दारात न्यायची नाही. पांढरी गाडी दारात दिसली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळतं, कोण बोललं ते. गाडी बाजारात सोडायची, पुढे चालत किंवा सायकलने. वहीत नाव नाही, फक्त क्रमांक. नावांचा कागद ऑफिसच्या कुलपात. आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायचं की आम्ही माणूस शोधून आणत नाही, पैसे देत नाही, कुणाला अटक करत नाही, आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तरी चालेल. हे सांगताना सुरुवातीला मला लाज वाटायची. मग तुम्ही आलात कशाला, असं समोरची बाई विचारेल असं वाटायचं. बहुतेक वेळा विचारायच्याही.

शिवाय मी भारतीय. हिंदी तिथे चालते, पण हिंदी बोललं की लोकांचे डोळे बदलतात. सीमेपलीकडचे सरकारी हेर असतात, तसलीच ही एक, असा एका चहावाल्याने माझ्याबद्दल निष्कर्ष काढला होता आणि तो त्याने माझ्या देखतच गिऱ्हाइकांना ऐकवला. म्हणून मी मोडकी नेपाळी बोलायचे आणि थारू भाषेसाठी दुभाषी मुलगी सोबत असायची. बर्दियात थारू समाज मोठा. सावकाराच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे राबणारे 'कमैया' बरेचसे यांच्यातलेच. १७ जुलै २००० ला सरकारने ती प्रथा बंद केली. 'सुटलो ते साल' म्हणजे लोकांच्या बोलण्यात तेच.

ज्या बाईबद्दल सांगतेय तिचं घर राजापूरच्या बाजूला. कर्णालीचे दोन फाटे होतात, त्यांच्या मधला तो भाग. तेव्हा कोठियाघाटाला नावेतून जावं लागे. नावेत माणसं, सायकली, बकऱ्या आणि एक मोटारसायकल. ती बाई चाळिशीची. मी तिला दिदी म्हणायचे, ती आधी मला 'म्याडम' म्हणायची. अंगणात खाटेवर बसलो. तिने सांगितलं ते साधारण असं:

पुस महिन्याची वीस तारीख. रात्री जेवायला बसले होते. पंधरा-वीस शिपाई आले, लष्कराचे. टॉर्च तोंडावर मारला, नवऱ्याला नाव विचारलं, हात मागे बांधले. माघीचा सण दहा दिवसांवर होता, दारात त्यासाठी डुक्कर बांधलेलं. ते ओरडायला लागलं, म्हणून एका शिपायाने त्याला लाथ घातली. दुसऱ्या दिवशी ती बराकीवर गेली. 'असा कुणी आणलेला नाही' हे उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सांगितलं, परत आलीस तर तूही आत जाशील.

मग तिने मला विचारलं, तुमच्या या कागदाने लालपुर्जाचं काम होईल का? लालपुर्जा म्हणजे तिकडचा सातबारा समजा. सुटलेल्या कमैयांना पाच कठ्ठ्यांपर्यंत जमीन मिळाली, सतरा-एक गुंठे. तिच्या घरची नवऱ्याच्या नावावर. कर्ज काढायचं तर नवऱ्याची सही हवी नाहीतर मृत्यूचा दाखला. यातलं काहीच तिच्याकडे नाही. मी म्हटलं, 'नाही होणार, दिदी.' तिने मान हलवली आणि पाणी आणायला उठली.

साल विचारलं तर म्हणाली, अठ्ठावन्न. २०५८, विक्रम संवत. रात्री नेपाळगंजला टेबलावर बसून मी नोंद पक्की केली. माघी म्हणजे आपली संक्रांत, हे मला माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. पुस म्हणजे आपला पौष नव्हे, त्यांचे महिने सूर्याचे, हेही आता कळलं होतं. तेव्हा संक्रांतीच्या दहा दिवस आधी म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा. आणि विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन. अठ्ठावन्नातून सत्तावन्न गेले, एक. जानेवारी २००१. लिहून टाकलं.

चार दिवसांनी माझ्या वरिष्ठ बाईंनी बोलावलं. त्यांनी लॅटिन अमेरिकेत वीस वर्षं हेच काम केलेलं, आवाज कधी चढायचा नाही. माझा कागद समोर ठेवून एवढंच विचारलं, 'जानेवारी २००१ मध्ये या गावात रात्री धरपकड करायला लष्कर कुठून आलं?'

मी गप्प. २००१ च्या नोव्हेंबरपर्यंत माओवाद्यांशी लढायचं काम पोलिसांचं होतं. २३ नोव्हेंबर २००१ ला माओवाद्यांनी दांग जिल्ह्यात लष्कराच्या तळावर हल्ला केला, २६ तारखेला आणीबाणी लागली, आणि मग लष्कर गावोगाव उतरलं. माझ्या तारखेप्रमाणे ती बाई होऊच न शकणारी गोष्ट सांगत होती. उद्या कुणी अधिकारी हा कागद हातात घेऊन म्हणाला असता, 'बघा, यांचे साक्षीदार खोटं बोलतात', तर त्याचं काय चुकलं असतं?

चूक माझ्या वजाबाकीत होती. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. तिथून डिसेंबरअखेरपर्यंत सत्तावन्न वजा करायचे, पण एक जानेवारीनंतर छप्पन्न. पुस महिना तर या दोन्हींत फाटलेला, पहिला अर्धा डिसेंबरात आणि दुसरा जानेवारीत. म्हणजे पुस २०, २०५८ ही २००२ च्या जानेवारीतली तारीख. आपल्याकडे शके आणि इसवीत अठ्ठ्याहत्तराचं गणित करताना हीच गोम असते, पण पंचांग कधी मन लावून पाहिलंय?

खरी नाचक्की पुढे. मूळ वही काढली तर तिच्याच तोंडचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं: 'सुटल्यावरची दुसरी माघी जवळ आलेली.' सुटले जुलै २००० ला. पहिली माघी २००१ ची, दुसरी २००२ ची. बाईने साल दोनदा, दोन वेगळ्या मापांनी दिलं होतं. मी आकडा उचलला आणि ते वाक्य रंगत म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर जुन्या सगळ्या वह्या काढल्या. आणखी दोन तारखा तशाच निघाल्या. मग परत गावात. शेजाऱ्याला वेगळं भेटलो. तो म्हणाला, राजाला मारलं त्याच साली. राजवाड्यातलं हत्याकांड १ जून २००१ चं. इसवीत जून २००१ आणि जानेवारी २००२ ही दोन वर्षं, पण त्यांच्या हिशोबात दोन्ही अठ्ठावन्नच. सुटून आलेला एक माणूसही भेटला, त्याच बराकीत डांबलेला. त्याने नवऱ्याला 'पाहिलं' असं मी लिहून घेत होते, तेव्हा त्यानेच थांबवलं. डोळ्यांवर पट्टी होती. खोकला ओळखला, लहानपणापासून ऐकलेला. मग तसंच लिहिलं. 'पाहिलं' लिहिलं असतं तर कागद वजनदार दिसला असता आणि पहिल्याच प्रश्नाला कोसळला असता.

त्याच भागात माओवाद्यांनी उचलून नेलेल्यांचीही घरं होती. तिथे दार उघडायलाच वेळ लागायचा. एप्रिल २००८ च्या निवडणुकीत माओवादी सगळ्यात मोठा पक्ष झाले, तेव्हापासून तर जास्तच. एका घरी चार फेऱ्या मारल्या, पाचव्यांदा म्हाताऱ्याने 'नको' म्हणून हात जोडले. ती नोंद अर्धीच राहिली.

डिसेंबर २००८ मध्ये बर्दियाचा अहवाल काठमांडूत प्रसिद्ध झाला. सुरक्षा दलांनी बेपत्ता केलेल्यांची १५६ प्रकरणं, माओवाद्यांची १४. सुरक्षा दलांच्या प्रकरणांत पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त थारू. सर्वोच्च न्यायालयाने १ जून २००७ लाच सरकारला चौकशी आयोग नेमायला आणि हा गुन्हा ठरवणारा कायदा करायला सांगितलं होतं. आयोग स्थापन व्हायला २०१५ उजाडलं.

अहवालाच्या बऱ्याच आधी मी दिदीकडे तिचं म्हणणं वाचून दाखवायला गेले होते. हे करावंच लागतं. आपण लिहिलेलं तिच्या भाषेत तिला ऐकवायचं आणि ती म्हणेल ते सुधारायचं. दुभाषी मुलगी एकेक वाक्य थारूत सांगत होती. तारीख दुरुस्त केलेली. तारखेची चूक माझी होती हेही सांगितलं. त्यावर दिदी काही बोलली नाही. शिपाई, टॉर्च, बांधलेले हात, सगळ्याला मान हलवत गेली. डुकराच्या वाक्याला हात वर करून थांबवलं.

'डुक्कर आमच्या दारात नव्हतं, बहिनी. त्या साली आमच्याकडे डुक्कर घ्यायला पैसे कुठे होते? शेजाऱ्यांचं होतं. ओरडलं ते तिकडून.'

मी वाक्य खोडलं, वरती 'शेजारच्या दारात' लिहिलं, आणि मुलीला म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून वाच.