तुम्ही विचारलंत म्हणून : डेटा मोजका असताना अँटिव्हायरसचे अपडेट बंद ठेवावे का?

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणारी माणसे मला एकच प्रश्न वारंवार विचारतात. दिवसाला मोजकाच डेटा मिळतो, त्यात अँटिव्हायरस सारखे काहीतरी डाउनलोड करत बसतो आणि वर पडद्याच्या कोपऱ्यात सूचनाही झळकवतो, तेव्हा त्याचे अपडेट आणि सूचना दोन्ही बंद करून टाकल्या तर काय बिघडेल? माझे उत्तर असे आहे की अपडेट बंद ठेवल्याने डेटा वाचत नाही. तो साठून राहतो आणि नको त्या दिवशी एकगठ्ठा जातो.

अँटिव्हायरसचे अपडेट दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे डेफिनिशन्स, म्हणजेच घातक फायली ओळखण्याच्या खुणांची यादी, जी दिवसातून अनेकदा बदलते. दुसरे म्हणजे खुद्द प्रोग्रामची नवी आवृत्ती, जी कधीतरी येते पण आकाराने मोठी असते. डेफिनिशन्सच्या बाबतीत संगणक नियमित अपडेट होत असेल तर दर वेळी पूर्ण यादी न येता आधीच्या आणि नव्या यादीतला फरक तेवढा येतो. क्लॅमएव्ही या मुक्त अँटिव्हायरसमध्ये हे स्पष्ट पाहता येते. त्याचा फ्रेशक्लॅम हा भाग मूळ सेटिंगनुसार दिवसातून 12 वेळा चौकशी करतो, पण ती चौकशी म्हणजे डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेतली, एक छोटी नोंद वाचून आपल्याकडची यादी जुनी झाली आहे का एवढेच पाहणे असते, आणि झाली असेल तर मधला फरक उतरवून घेतला जातो. खंड फार मोठा पडला की मात्र ही सोय संपते आणि अख्खी फाइल नव्याने आणावी लागते. विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसचेही असेच आहे. बरेच दिवस मागे राहिलेल्या संगणकाला एका वेळी 100 एमबीहून अधिक डेटा लागू शकतो.

हे मला अनुभवातून कळले. एका मोठ्या कामाच्या काळात मी जवळपास तीन महिने सगळे अपडेट थांबवले होते. ज्या दिवशी ते पुन्हा सुरू केले, त्याच दिवशी मला एक अर्ज ऑनलाइन भरायचा होता. पूर्ण डेफिनिशन्स, त्यामागोमाग प्रोग्रामची नवी आवृत्ती, मग रीस्टार्ट, असे सगळे ओळीने झाले आणि दुपारच्या आत दिवसाचा डेटा संपला. अर्जाला जोडायची कागदपत्रे अर्धवट अपलोड होऊन अडकली होती.

म्हणून काटकसर कुठे करायची हे आधी पाहावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डेटा युसेज नावाचे पान आहे. तिथे मागच्या 30 दिवसांत कोणत्या ॲपने किती डेटा वापरला ते दिसते. माझ्या यादीत सर्वांत वर ब्राउझर होता आणि त्याखाली फायली आपोआप क्लाउडवर चढवणारे ॲप. खरी गळती तिथे होती.

त्यानंतरची पायरी म्हणजे विंडोजला आपले कनेक्शन मर्यादित आहे हे सांगणे. सिम कार्डावरचे कनेक्शन विंडोज आपणहून मीटर्ड धरते, पण वाय-फायला तसे धरत नाही, आणि लॅपटॉपच्या दृष्टीने फोनचा हॉटस्पॉट हे साधे वाय-फायच असते. त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मीटर्ड कनेक्शन हे बटण चालू करावे लागते. हे सेटिंग त्या एकाच नेटवर्कपुरते असते, त्यामुळे हॉटस्पॉटचे नाव बदलले किंवा दुसऱ्याच्या फोनवरून जोडणी केली की ते पुन्हा करावे लागते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

मात्र याची दुसरी बाजू आहे आणि ती मी आग्रहाने सांगतो. कनेक्शन मीटर्ड केले की डिफेंडरच्या डेफिनिशन्सही मूळ सेटिंगमध्ये आपोआप येणे थांबू शकते. डेटा वाचला म्हणून आपण निश्चिंत असतो आणि तिकडे यादी शिळी होत जाते. यासाठी मी रोज काम सुरू करण्यापूर्वी विंडोज सिक्युरिटी उघडतो, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जाऊन प्रोटेक्शन अपडेट्सच्या पानावर शेवटच्या अपडेटची तारीख आणि वेळ पाहतो, आणि चेक फॉर अपडेट्स दाबतो. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल, तर डेफिनिशन्स आपोआप आणि प्रोग्रामची आवृत्ती विचारून, अशी वेगळी निवड त्याच्या सेटिंग्जमध्ये मिळते का ते शोधावे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. दोघांचे अपडेट येतात आणि संगणकही रखडतो.

विंडोजचे स्वतःचे अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतात, पण सुरक्षेचे अपडेट ढकलताना वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम आठवावा. ज्या उणिवेतून तो पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिली होती आणि हल्ला 12 मे 2017 रोजी झाला. मधल्या जवळपास दोन महिन्यांत ज्यांनी ती घेतली नाही, त्यांचे संगणक उघडे राहिले.

आता सूचनांविषयी. सगळ्या सूचना एका फटक्यात बंद करू नयेत, कारण त्यांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. स्कॅन पूर्ण झाले, काही सापडले नाही, अशी वर्दी खुशाल बंद करावी. विंडोज सिक्युरिटीच्या मॅनेज नोटिफिकेशन्समध्ये ती सोय आहे. मुदतवाढीच्या आणि सवलतीच्या जाहिराती जिथे बंद करता येतात तिथे जरूर कराव्यात. पण एखादी फाइल अडवली, संरक्षण बंद पडले किंवा डेफिनिशन्स जुन्या झाल्या, हे सांगणारी सूचना चालूच राहिली पाहिजे.

याखेरीज एक प्रकार असा असतो की ती सूचना अँटिव्हायरसची नसतेच. परवा एकांनी मला त्यांचा लॅपटॉप दाखवला. कोपऱ्यात लाल ढाल, खाली ‘तुमचे संरक्षण संपले आहे’ अशा अर्थाचा मजकूर, आणि दर काही मिनिटांनी तीच सूचना पुन्हा. बारकाईने पाहिल्यावर ढालीच्या शेजारी ब्राउझरचे नाव आणि एका अनोळखी वेबसाइटचा पत्ता बारीक अक्षरांत दिसला. कधीतरी त्या साइटने नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी मागितली होती आणि यांनी घाईत होकार दिला होता. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढून टाकली आणि सूचना थांबल्या. त्यांचा खरा अँटिव्हायरस तोवर काही बोलला नव्हता, म्हणून आम्ही त्याच्या पानावर जाऊन शेवटच्या अपडेटची तारीख पाहिली. ती 40 दिवसांपूर्वीची होती. हॉटस्पॉट जोडून आम्ही लगेच चेक फॉर अपडेट्स दाबले आणि ते पूर्ण होईपर्यंत ब्राउझर बंद ठेवला.