हरिपूरच्या प्लॉटखालचं पेव

घराच्या पायाचा, फुटिंगचा खड्डा पाच फूट खाली गेला आणि जेसीबीचं बकेट एकदम आत घुसलं. दगड लागला तर ऑपरेटर शिवी हासडतो, पण खाली काहीच लागलं नाही की त्याचीही बोबडी वळते. त्यानं मशीन मागं घेतलं, उडी मारून उतरला आणि म्हणाला, "साहेब, खाली विहीर हाय."

विहीर नव्हती. कडेची माती ढासळून एक जाड फरशी तिरकी झाली होती आणि तिच्या फटीतून काळोख दिसत होता. वास कोंदट मातीचा, आणि त्याच्यामागून अगदी पुसट हळदीचा. सांगलीत वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. पेव होतं, हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार.

सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन मिळालं, सत्कारबित्कार झाले. पण ही पेठ मोठी झाली त्यात हरिपूरच्या मातीचा वाटा किती, हे कुणी फारसं बोललं नाही. सगळी हळद काही इथं पिकायची नाही, पार निजामाबादेकडून माल यायचा. चांगला भाव येईपर्यंत तो ठेवायचा कुठं, तर हरिपूरच्या शिवारात, जमिनीच्या पोटात. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट घागरीसारखं फुगलेलं. वीट नाही, सिमेंट नाही, इथली घट्ट माती हीच भिंत. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. मग 2005 चा महापूर आला. पेवांत पाणी शिरलं, माल कुजला आणि व्यापारी गोदामांकडं, कोल्ड स्टोरेजकडं वळले. रिकामी पेवं कुणी बुजवली, कुणी नुसतीच झाकली. त्यांच्यावर सोयाबीन निघालं, मग प्लॉट पाडायच्या फक्कीच्या रेघा पडल्या.

मी इंजिनिअर, माझं काम चालू होतं तो प्लॉट अशाच रेघांमधला, दोन गुंठ्यांचा. मालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मूळचे आटपाडीकडचे. मी त्यांना मामा म्हणतो. दुष्काळी भागातला माणूस फंडाचे पैसे हातात आले की सांगलीत प्लॉट बघतो. विश्रामबागेत भाव झेपत नाही, मग तो शहराच्या कडेला सरकतो. हरिपूर महापालिकेच्या हद्दीबाहेरचं गाव, पण संगमेश्वराकडं जाणारा चिंचांच्या सावलीचा रस्ता सांगलीकरांच्या पायाखालचाच. आता कोथळीचा पूल झाल्यामुळं पलीकडचा शिरोळ तालुकाही जवळ आलाय. प्लॉट विकणाऱ्याच्या रंगीत पत्रकावर नदी होती, झाडं होती, झोपाळ्यावर एक कुटुंब होतं. पेव नव्हतं. सातबाऱ्यावरही नव्हतं, बिगरशेतीच्या आदेशात नव्हतं आणि लेआउटच्या नकाशात तर नसणारच. कायद्यानं कुणी काही लपवलं असं म्हणता येत नाही, हीच त्यातली खरी अडचण.

तेवढ्यात एक बिगारी पोरगा शर्ट काढून तयार. "बघून येतो साहेब, दोर सोडा." मी नको म्हणेपर्यंत मागून कुणीतरी ओरडलं, "ए, मरायचंय का रं?"

शेजारच्या अर्धवट बांधकामावर राखण करणारे आबा होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल. सगळी उमर हमालीत गेलेली आणि त्यातली बरीचशी पेवात चढ-उतार करण्यात. ते आले, फरशीकडं बघितलं आणि मेणबत्ती मागितली. पूर्वी म्हणे कंदील सोडायचे. आम्ही एका रिकाम्या डब्यात मेणबत्ती उभी केली, सुतळीनं हळूहळू खाली सोडली. सहा-सात फुटांपर्यंत ज्योत सरळ होती. त्या उजेडात भिंत दिसली, गुळगुळीत, जुन्या सारवणाचे पोपडे धरलेली. आणखी हातभर खाली गेली तशी ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि विझली. वारा नाही, काही नाही. डबा वर घेतला, पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा तिथंच विझली. बिगारी पोरानं गपचूप शर्ट घातला.

"उघडल्यावर चार-पाच तास थांबायचं," आबा म्हणाले. "घाई केलेली दोन माणसं माझ्यादेखत गेली."

मामा इतका वेळ गप्प होते. मग हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एवढा तयार खड्डा आहे, सेप्टिक टँकला वापरला तर?" खर्चात पडलेल्या माणसाचं डोकं बरोबर दिशेनंच चालतं. पण आबांनी ते ऐकलं. "हळद ठेवायची जागा हाय ती!" एवढंच बोलले आणि तिकडं तोंड करून बसले. मलाही सेप्टिक टँक चालणार नव्हता, कारण वेगळं होतं. पाणी लागलं की ही माती भिंत म्हणून उभी राहत नाही. 2005 नं ते दाखवून दिलंय. 2019 ला तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. म्हणजे मामांचं जोतं पुराच्या भीतीनं मी वर उचलत होतो आणि खाली वीस फूट पोकळी.

आबांचा राग दुपारच्या चहानंतर उतरला. मग मी त्यांना विचारलं, अशी अजून किती? ते उठले आणि चालू लागले. हातात नकाशा नाही, टेप नाही. बांधावरचं एक लिंबाचं झाड अजून शिल्लक होतं, तिथून पावलं टाकत निघाले. "हितं एक. हे त्या शेठचं, लई मोठं. हितं रस्त्याखाली दोन." मी मागून विटेच्या तुकड्यानं खुणा करत होतो. माझ्याकडं जमीन मोजायचं टोटल स्टेशन आहे, कॉलनीचा मंजूर नकाशा मोबाइलमध्ये आहे, आणि मी राखणदाराच्या पावलांवर विसंबून चाललो होतो. कोपऱ्यावरच्या दुमजली बंगल्यासमोर ते थांबले. त्या घराच्या पुढच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली. आबांनी हात वर केला तेवढ्यात मालक बाहेर आले. "काय चाललंय? आमच्या घराकडं बोट कशाला दाखवताय?" आबा काही न बोलता परत फिरले. त्या दिवशी मग पुढचं पेव त्यांनी दाखवलं नाही.

मामांचं काम निस्तरायला आठवडा गेला. आत कुणाला उतरवायचंच नाही असं ठरवून पेवाचं तोंड जेसीबीनं लांबूनच फोडलं. हिशेब केला तर पोटात पंधरा ब्रासच्या आसपास माल जाणार होता. क्रश सँड ओतून पाणी मारत जिरवली, वरच्या भागात कमी सिमेंटचं लीन काँक्रीट भरलं. कोपऱ्यातला कॉलम चार फूट आत घेतला आणि बीम बाहेर काढून भिंत त्यावर घेतली. वरच्या खोलीचा बेत मामांनी पुढं ढकलला. विकणाऱ्याला फोन केला तर, "जमीन तुम्ही बघून घेतली होती ना?" एवढंच उत्तर मिळालं.

कॉलनीच्या बैठकीत मी म्हटलं, आबांना घेऊन सगळ्या जागा एकदा नकाशावर मांडू, पैसे नकोत. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "इंजिनिअर साहेब, असा नकाशा झाला तर उद्या आमचा प्लॉट कोण घेईल?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. कर्ज त्यांच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही.

चार दिवसांनी रात्री फोन आला. तोच कोपऱ्यावरचा बंगला. "तुमच्या त्या आबांना घेऊन याल का? दुपारी या, लोक कामावर असतात तेव्हा. आणि गाडी जरा लांब लावा."

गेलो. आबांनी पावलं मोजली, मी जमिनीत भोक पाडायच्या ऑगरनं भोकं घेतली. भेगेखाली पेव नव्हतंच. ती भेग काळ्या मातीची, उन्हाळ्यात आकसणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या मातीची. पेव निघालं पार्किंगखाली, नव्या चारचाकीच्या मागच्या चाकाजवळ. मालकांनी आधी किल्ली आणून गाडी बाहेर काढली, मग आम्हाला पाणी विचारलं.