फोटो टिकवला तो हर्शेलने

फोटोग्राफीचे जनक म्हटलं की दागेर आणि टॅलबॉट ही दोन नावं हमखास येतात. त्यांचा मान मोठाच आहे, पण माझ्या यादीत पहिलं नाव जॉन हर्शेलचं.

१८०२ सालीच इंग्लंडमध्ये थॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर आणि पांढऱ्या चामड्यावर पानांच्या आकृत्या उमटवून दाखवल्या होत्या. पण उजेडात आणलं की उरलेला कागदही काळवंडायचा. मेणबत्तीच्या प्रकाशात बघायचं आणि परत अंधारात ठेवायचं! चित्र उमटवता येत होतं, ते राखता येत नव्हतं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

हर्शेल खगोलशास्त्रज्ञ, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा. हायपोमध्ये, म्हणजे सोडियम थायोसल्फेट या रसायनाच्या द्रावणात, चांदीचे क्षार विरघळतात हे त्याने १८१९ मध्येच छापून प्रसिद्ध केलं होतं. जानेवारी १८३९ मध्ये दागेरच्या शोधाची बातमी आली, कृती मात्र गुलदस्त्यात. हर्शेलने स्लाऊच्या घरी स्वतःच प्रयोग मांडले. उजेड न लागलेले चांदीचे क्षार हायपोने काढून टाकले की काळं पडायला मागे काही उरतच नाही, आणि चित्र कायम होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टॅलबॉट त्याच्याकडे आला, तेव्हा हर्शेलने ही युक्ती त्याला सरळ सांगून टाकली. तोवर टॅलबॉट मिठाच्या पाण्यावर भागवत होता, दागेरही तेच वापरत असे. पुढे दोघांनीही हायपो घेतला. टॅलबॉटने १८४१ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट काढलं. हर्शेलने हायपोवर कधी हक्क सांगितला नाही. हा मोकळेपणा मला त्याच्या रसायनशास्त्राइतकाच मोठा वाटतो.

काकांच्या स्टुडिओत डार्करूमचं काम शिकले तेव्हा हायपो कालवणं माझ्याकडे असायचं. खडीसाखरेसारखे खडे, कोमट पाण्यात टाकले तरी पाणी बघता बघता थंडगार पडायचं. काका लाल दिव्याखालून बजावायचे, "हायपोत पुरता होऊ दे, मगच दार उघड." नंतर वाहत्या पाण्यात धुणं. त्यात घाई केली की फोटो काही वर्षांत पिवळा पडणार, हे ठरलेलं. डिजिटल येईपर्यंत गावोगावचे स्टुडिओ असेच चालले. मूळ कृती १८३९ चीच.

सप्टेंबर १८३९ मध्ये हर्शेलने वडिलांच्या चाळीस फुटी दुर्बिणीच्या सांगाड्याचा फोटो काचेवर घेतला. लाकूड कुजलं होतं, सांगाडा लवकरच उतरवायचा होता. १८४२ मध्ये त्याने लोहक्षारांची निळी छपाई शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने त्याच पद्धतीने समुद्री शेवाळांचं पुस्तक भागाभागांनी काढलं. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते हेच. निळ्या कागदावरचे ते पांढरे तंतू आजही स्वच्छ दिसतात. नेटवर स्कॅन आहेत, सवडीने मोठे करून बघा.